डिफरन्शियल हवाच, पण आधी घर्षण बघा

प्रश्न असा की लेगो टेक्निकच्या (लेगोच्या गिअर-दांड्यांच्या यांत्रिक खेळण्यांच्या) गाडीत डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, कशाला; मागे सरळ एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) टाकला तर काय बिघडतं? टेबलावर सरळ ढकललीत तर काहीच नाही. वळवून बघा. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, दोन्ही एकाच दांड्यावर असली की एक टायर घासत जातो.

लेगोच्या १९७७ च्या ८५३ क्रमांकाच्या चॅसीत (गाडीच्या उघड्या सांगाड्याच्या सेटमध्ये) स्टिअरिंग आणि दोन गिअर होते. डिफरन्शियल १९८० च्या ८८६० मध्ये आलं. माझ्या मते ८८६० चं चॅसी आजही शिकायला उत्तम, बॉडीच नसल्यामुळे सगळं उघडं दिसतं.

खरी गंमत या गाड्यांतल्या दिखाऊ इंजिनाची. मोटर नसलेल्या मॉडेलमध्ये सगळं उलटं चालतं: चाकं गिअरबॉक्सला फिरवतात, गिअरबॉक्स पिस्टनना. म्हणून पहिल्या गिअरला पिस्टन धडाधड उडतात, वरच्या गिअरला तेवढ्याच वेगात सावकाश.

आता गिअरबॉक्स घर्षणामुळे फिरायला जड झाला असेल, तर एक चाक जरा उचललं गेलं की तेच उलटं फिरतं आणि इंजिन ढिम्म. दोष डिफरन्शियलला देऊ नका. बहुतेक वेळा बुश (दांडा जागेवर धरणारं छोटं कडं) बीमला (भोकांच्या पट्टीला) दाबून बसवलेला असतो. केसाएवढी फट ठेवा. मी एकदा या एका बुशपायी अख्खी गाडी उसवली होती (आणि बायकोने डायनिंग टेबल परत मागितलं होतं).

प्रत्येक शाफ्ट बसवला की बोटाने फिरवून बघायचा. बॉडी चढवल्यावर हात आत जात नाही.