माझ्या टेबलावर चाललेला उजेडाचा नियम दुसऱ्या टेबलावर का फसला?

कंदीलधारी

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं मी एकाच ग्रुपसाठी जीएम करतोय, म्हणजे टेबलावरच्या भूमिका-खेळात गोष्ट आणि नियम सांभाळतोय. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनवर आमचं कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) चालतं आणि त्याचा बराचसा भाग जमिनीखाली घडतो. सुरुवातीपासून मला एक गोष्ट खुपायची: अंधाराची कुणाला भीतीच वाटत नाही. पात्राच्या शीटवर 'मशाली १०' असं लिहिलेलं असतं आणि सहा महिन्यांनी पाहावं तर दहाच्या दहा शाबूत. मशाल एक तास जळते हे पुस्तकात दिलंय, पण तो तास मोजतंय कोण? मी दोनदा मोजायला घेतला. दोन्ही वेळा मधेच लढाई लागली आणि मोजणी तिथेच राहिली.

म्हणून उजेडाला त्याचा स्वतःचा फासा दिला. मशालीला डी६ (सहा बाजूंचा फासा), कंदिलाला डी८ (आठ बाजूंचा). मी 'उजेड तपासा' म्हटलं की ज्याच्या हातात मशाल आहे तो फासा टाकतो. १ किंवा २ पडला तर फासा एक पायरी उतरतो. डी८ चा डी६ होतो, डी६ चा डी४. डी४ वर १ किंवा २ आला की विझला. ही पायऱ्यांची कल्पना माझी नाही, ती द ब्लॅक हॅक या खेळाने २०१६ मध्ये 'युसेज डाय' म्हणून आणली. माझी भर दोन गोष्टींची. फासा डी४ वर आला की लख्ख उजेड २० फुटांवरून १० फुटांवर येतो. आणि उजेड पूर्ण गेला की मी टेबलावरचा नकाशा पालथा घालतो. आपण कुठे उभे होतो, दार कोणत्या बाजूला होतं, खड्डा किती पावलांवर होता, हे खेळाडूंनी आठवून सांगायचं.

आमच्या टेबलावर हे विलक्षण रंगतं. एकदा फासा डी४ वर असताना लागोपाठ चार वेळा वाचले. पाचव्यांदा तो घरंगळत नकाशाच्या कडेखाली गेला आणि तो कागद उचलायला कुणी हात पुढे करेना. पाच जण नुसते त्या कागदाकडे बघत बसले होते. त्या क्षणासाठी मी हा नियम केला होता.

मग हौसेने तो दोन पानांत लिहून काढला आणि दुसऱ्या ग्रुपच्या जीएमला दिला. त्यांच्याकडे पहिल्या सेशनला तीन मशाली अर्ध्या तासात विझल्या. दुसऱ्या सेशनला फासा एकदाही टाकला गेला नाही. तिसऱ्याला त्यांनी नियमच काढून टाकला. खेळाडूंचं म्हणणं पडलं की हा आम्हाला दंड आहे. शिवाय त्यांच्या विझार्डने लाइट कँट्रिप (हवा तितक्या वेळा टाकता येणारा, उजेड देणारा छोटा मंत्र) घेतला होता, त्यामुळे मशालीचं महत्त्व तसंही संपलंच.

माझा नियम कुठे कच्चा आहे? हिशेबात की लिहिण्यात? तो नीट झाला की सगळ्यांसाठी फुकट टाकायचा आहे, तर लायसन्सचं काय करायचं तेही सांगा.

सहा_पैकी_एक

हिशेब मांडून पाहिला, कारण तो न मांडता कुणी 'फासा मोठा करा' म्हणेल आणि तुम्ही कराल.

१ किंवा २ वर उतरायचं असेल तर डी४ वर सरासरी २ वेळा टाकावं लागतं, डी६ वर ३, डी८ वर ४, डी१० वर ५, डी१२ वर ६. तुमची मशाल डी६ वरून सुरू होते, म्हणजे ३ आणि २ मिळून सरासरी ५ तपासण्या टिकते. कंदील ९. ही सरासरी वाईट नाही. पण सरासरीच्या मागे काय दडलंय ते बघा. डी६ वर उतरण्याची शक्यता एक तृतीयांश आणि डी४ वर निम्मी, म्हणजे दर सहा मशालींतली एक दोन तपासण्यांतच संपते. उलट बाजूला, शंभरातल्या साधारण अकरा मशाली आठपेक्षा जास्त तपासण्या टिकतात. हा चढउतार म्हणजे दोष नाही, त्याच्यामुळेच तुमचे पाच जण कागदाकडे बघत बसले. फक्त जीएमला तो आधी माहीत हवा, नाहीतर पहिली मशाल दोन फाशांत गेली की त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

आता खरी अडचण. पाच तपासण्या म्हणजे किती वेळ? तुमच्या नियमात हे कुठेच नाही. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचात १० मिनिटांचा टर्न होता, मशाल ६ टर्न आणि एका कुपीच्या तेलावर कंदील २४ टर्न चालायचा. त्या मापाने दर टर्नला एक तपासणी धरली तर तुमची डी६ ची मशाल ५० मिनिटं जाते, म्हणजे जवळजवळ पुस्तकातला तास. कंदिलाचा डी८ मात्र फार तोकडा आहे. डी१२ पासून सुरू केलात तर २० तपासण्या मिळतील.

तुमच्या मजकुरात 'जीएमने उजेड तपासा म्हटलं की' एवढंच आहे. कधी म्हणायचं? त्या दुसऱ्या जीएमने बहुधा पहिल्या सेशनला प्रत्येक खोलीच्या दाराशी म्हटलं, आणि लोक वैतागल्यावर दुसऱ्याला म्हटलंच नाही.

पडद्यामागची

वरच्या हिशेबाशी सहमत, पण मला वाटतं फासे ही इथली दुसऱ्या नंबरची गोष्ट आहे. मी बऱ्याच जणांचं होमब्रू, म्हणजे घरी बनवलेले नियम, प्लेटेस्ट केलंय आणि तुमच्यासारखा घोटाळा नेहमी बघते. नियमाचा अर्धा भाग कागदावर असतो आणि अर्धा लिहिणाऱ्याच्या सवयीत. त्याच्या टेबलावर तो स्वतः हजर असतो, म्हणून काहीच कमी पडत नाही.

यावर मला कामाला आलेला उपाय एकच. दुसऱ्या जीएमला कागद द्यायचा, आपण खोलीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. प्रश्न आला तरी नाही. फक्त जीएम कुठे अडतो ते टिपायचं. मी एकदा दुखापतींचा तक्ता असा तपासत होते. जीएमने पहिल्या पानात बोट घालून दुसरं पान उघडलं, मग परत पहिलं, ओठ हलवत तेच वाक्य तीनदा वाचलं, आणि शेवटी कागद बाजूला ठेवून स्वतःच्या मनाने निकाल दिला. निकाल चांगला होता, सगळे खूश झाले. नंतर विचारलं असतं तर 'मस्त आहे तक्ता' असंच उत्तर आलं असतं. म्हणून 'आवडलं का' असं मी विचारतच नाही. 'काय काय घडलं ते सांगा' म्हणते. ज्या नियमाचा उल्लेख त्या गोष्टीत येत नाही, तो वापरलाच गेला नाही असं समजायचं.

कंदीलधारी, तुमच्या एखाद्या सेशनचं रेकॉर्डिंग आहे का? असेल तर ऐका, आणि प्रत्येक 'उजेड तपासा'च्या आधीचं अर्धं मिनिट लिहून काढा. तुम्ही नेमकं केव्हा म्हणता, हे तुम्हालाही ठाऊक नसेल.

कंदीलधारी

रेकॉर्डिंग आहे. काल रात्री बसून ऐकलं. तीन तासांच्या सेशनमध्ये मी सात वेळा 'उजेड तपासा' म्हटलंय. खोल्या चौदा होत्या, म्हणजे खोलीशी त्याचा संबंध नाही. आधीचं अर्धं मिनिट लिहून काढलं आणि थक्क झालो. सातपैकी सहा वेळा टेबलावर वाद चालू होता. डावीकडे जायचं की उजवीकडे. पेटी उघडायची की नको. जखमीला इथेच झोपवायचं की वर न्यायचं. सातव्या वेळी ते भिंत चाचपून गुप्त दार शोधत होते. लढाईत एकदाही नाही.

म्हणजे मी घड्याळ मोजतच नव्हतो. पार्टी (पात्रांचा गट) थांबली की मशाल जळते, असा माझा नियम होता, आणि तो मी कुठेच लिहिला नव्हता! माझ्या खेळाडूंना मात्र तो न सांगताच कळला असणार, कारण रेकॉर्डिंगमध्ये एका ठिकाणी एकजण स्पष्ट म्हणतोय, 'चला रे, बोलत बसलो तर हा फासा मागेल.'

दुसऱ्या टेबलाला दंड का वाटला तेही आता समजतंय. काय केल्याने मशाल जळते हे त्यांना माहीतच नव्हतं. विझण्याआधी काही निवडायची संधी त्यांना मिळाली नाही.

कलम_बहाद्दर

लायसन्सचं मी सांगतो. २०२३ पासून यात बरंच बदललंय आणि जुनी माहिती अजून फिरत असते.

२००० पासून लोक ओपन गेम लायसन्स १.०ए च्या आधारावर स्वतःचं साहित्य काढत होते. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या बदलाचा मसुदा फुटला, जुनं लायसन्स गुंडाळलं जाणार असं दिसलं, आणि चाहत्यांपासून छोट्या प्रकाशकांपर्यंत सगळे खवळून उठले. त्याच महिन्यात, २७ जानेवारीला, खेळाचे प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्ट यांनी माघार घेतली आणि एसआरडी ५.१ हा पाचव्या एडिशनच्या मूळ नियमांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन ४.० खाली खुला केला. हे लायसन्स एकदा दिलं की मागे घेता येत नाही, आणि माझ्या मते त्या महिन्याची खरी कमाई तीच. एप्रिल २०२५ मध्ये नव्या पुस्तकांवर बेतलेला एसआरडी ५.२ सुद्धा तसाच आला. पायझो या दुसऱ्या प्रकाशकाने ओआरसी नावाचं वेगळं खुलं लायसन्स उभं केलं, पण ते तुमच्या कामाचं नाही, कारण तुम्ही पाचव्या एडिशनवर बांधताय.

तुम्ही करायचं इतकंच: एसआरडीमध्ये दिलेलं श्रेयाचं वाक्य जसंच्या तसं शेवटच्या पानावर टाका. 'पाचव्या एडिशनशी सुसंगत' असं लिहायला एसआरडीच परवानगी देतो. खेळाचा लोगो मात्र वापरू नका. उदाहरणात राक्षस घालणार असाल तर एसआरडीतलेच घ्या, बिहोल्डर नको.

डीएम्स गिल्ड या ऑनलाइन दुकानात फर्गॉटन रेल्म्ससारखी विझार्ड्सची काल्पनिक जगं वापरता येतात, पण तिथे टाकलेलं दुसरीकडे प्रसिद्ध करता येत नाही. तुम्हाला नियम फुकट आणि मोकळेपणाने सगळ्यांना द्यायचा आहे, तेव्हा तिकडे जाऊ नका. युसेज डायचं श्रेय द्या. नुसत्या खेळाच्या युक्तीवर कॉपीराइट लागत नाही, तरीही द्या.

पडद्यामागची

रेकॉर्डिंगचं वाचून फार आनंद झाला. लाइट कँट्रिपबद्दल राहिलं होतं. तो बंद करू नका, एवढं कळकळीने सांगते. पहिल्या लेव्हलच्या विझार्डला तीनच कँट्रिप मिळतात, त्यातला एक खर्च करून त्याने उजेड निवडलाय. त्याची निवड हिसकावून घेतली की नियम खरोखरच दंड होतो. कँट्रिपचा उजेडही तासभरच टिकतो, तर त्यालाही डी६ द्या. मशाल हातात धरावी लागते, कँट्रिप ढालीवर किंवा शिरस्त्राणावर बसतो, हा त्याचा फायदा तसाच राहू द्या.

डार्कव्हिजनला (काही पात्रांची अंधारात दिसण्याची क्षमता) नवा नियम नकोच, आहे तोच वाचा. पूर्ण अंधारात डार्कव्हिजनला मंद उजेडासारखं दिसतं, आणि मंद उजेडात डोळ्यांनी शोधायच्या परसेप्शनवर (हेरण्याच्या तपासणीवर) डिसअॅडव्हान्टेज लागतो, म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो, आणि पॅसिव्ह परसेप्शन (न शोधता सहज लक्षात येण्याची पातळी) ५ ने घटतं. बहुतेक टेबलं हे विसरतात. सापळा पायाखाली आला की डार्कव्हिजन असलेल्या एल्फलाही मशाल आठवेल.

कंदीलधारी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन पानांचं अर्धं पान झालं. आता मजकूर असा आहे:

'पार्टी ठरवायला, शोधायला किंवा विसावायला थांबली, की दहा मिनिटं जातात. जीएमने आधी सांगावं: थांबलात तर उजेड तपासावा लागेल. तरीही थांबले, तर उजेड धरणाऱ्याने फासा टाकावा. मशाल आणि लाइट कँट्रिप डी६, कंदील डी१२. १ किंवा २ आला तर एक पायरी खाली. डी४ वर उजेडाचं अंतर निम्मं. डी४ वर १ किंवा २ आला तर अंधार. नकाशा पालथा घाला.'

त्याच दुसऱ्या जीएमने हा पुन्हा लावून पाहिला. या वेळी मी कोपऱ्यात बसलो होतो, तोंड बंद ठेवून. फार जड गेलं. नऊ वेळा त्याने विचारलं, 'थांबताय का?' पाच वेळा ते थांबले आणि चार वेळा उठून चालू लागले. त्या चारांतल्या एका वेळी ते जिथे जायला नको होतं तिथेच गेले, आणि तक्रार कुणी केली नाही, कारण निर्णय त्यांचा होता. पहिली मशाल चौथ्या तपासणीला गेली. नकाशा पालथा घातला तेव्हा दोघींनी एकाच दाराची जागा दोन वेगवेगळ्या भिंतींवर सांगितली आणि दोघीही ठाम होत्या.

एक जागा अजून अडते. लढाई संपल्यावर ते जखमा बांधत बसले, तेव्हा जीएमने माझ्याकडे पाहिलं. ते विसावणं धरायचं की नाही, हे त्याला कागदावरून कळेना. तिथे एक ओळ वाढवतो. पुढच्या फेरीसाठी मला असं टेबल हवंय, जिथे मला कुणीच ओळखत नाही. कुणाकडे असेल तर इथेच सांगा, अर्धं पान पाठवतो.