सॅम स्लिकचं घड्याळ आणि हॅलिबर्टनची कमाई

नोव्हा स्कोशियाचा (आजच्या कॅनडातला) लेखक थॉमस चँडलर हॅलिबर्टन याला ‘द क्लॉकमेकर’ने, म्हणजे सॅम स्लिक या फिरत्या घड्याळविक्याच्या विनोदी लेखांनी, लगेच श्रीमंत केलं असं म्हटलं जातं. तसं नाही. हे लेख १८३५मध्ये जोसेफ हाऊच्या ‘नोव्हास्कोशियन’ या हॅलिफॅक्सच्या वृत्तपत्रात आले, १८३६मध्ये पुस्तक निघालं. लंडनचा प्रकाशक बेंटली याने ते परवानगी न घेताच छापलं, त्यामुळे पहिल्या भागाचे तिथले पैसे त्याला मिळालेच नाहीत. पुढच्या भागांचा मात्र त्याने रीतसर व्यवहार केला.

विनोदाची खरी गंमत विक्रीच्या युक्तीत आहे. साडेसहा डॉलरचं घड्याळ स्लिक चाळीसला विकतो, तेही न विकल्यासारखं दाखवून. ‘हे शेजाऱ्याला दिलंय, परत येईपर्यंत सांभाळा’ म्हणत किल्ली देऊन ते डीकन (चर्चचा पदाधिकारी) फ्लिंट या गिऱ्हाइकाकडे ठेवतो. एकदा घरात टिकटिक सुरू झाली की कोण परत देतो!

आणि हॅलिबर्टनला ‘वकील-राजकारणी’ म्हणताना क्रम चुकवू नका: १८२६ ते १८२९ नोव्हा स्कोशियातल्या अ‍ॅनापोलिसचा आमदार, मग थेट न्यायाधीश, १८४१पासून तिथल्या सर्वोच्च न्यायालयात. म्हणजे स्लिक लिहिताना तो न्यायासनावर होता. ब्रिटिश संसदेत लॉन्सेस्टन या मतदारसंघातर्फे तो गेला ते १८५९मध्ये, इंग्लंडला स्थायिक झाल्यावर.