आईचा आमवात: सांध्याचं अस्तर सूज वाढवतं की आवरतं?

प्रश्न (मिरज): आईची बोटं सकाळी तासभर आखडलेली असतात, भाकरी थापायला हात वळत नाही. डॉक्टर म्हणाले, सांध्याच्या अस्तरातल्या पेशीच सूज वाढवतात. मी मात्र उलटंही वाचलंय. खरं काय?

उत्तर (सांगली, जीवशास्त्र शिकवते): दादा, दोन्ही खरं. अस्तरात फायब्रोब्लास्ट (ऊतींचा आधार विणणाऱ्या पेशी) असतात, तसे मॅक्रोफेजही (जंतू आणि मृत पेशी गिळणाऱ्या संरक्षक पेशी). २०१९ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी उंदरांच्या गुडघ्यात पाहिलं: सगळ्यात आतले मॅक्रोफेज एकमेकांना घट्ट बिलगून पडदाच धरतात, अगदी कौलांसारखे. संधिवातात ही वीण उसवते, आणि बाहेरच्या दाहक पेशी आत घुसतात. मला तर हे फार मोलाचं वाटतं; इतकी वर्षं मॅक्रोफेज म्हणजे खलनायकच धरले जायचे.

उत्तर (कराड): २०२० चं काम माणसांवरचं आहे. आजार शांत झालेल्यांच्या अस्तरात सूज शमवणारे मॅक्रोफेज भरपूर दिसले. ते कमी असतील, तर औषध कमी केल्यावर दुखणं उलटण्याचा धोका जास्त. म्हणून कळकळीनं सांगतो, बरं वाटलं तरी मेथोट्रेक्सेट (आमवातावरचं नेहमीचं औषध) परस्पर बंद करू नका. आणि ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही.

प्रश्नकर्ता: आई परवाच बंद करू म्हणत होती. आज तिला हे वाचून दाखवतो.