आशियातले पक्ष एकमेकांशी बोलतात का?

प्रश्न: सरकारं भेटतात ते कळतं, पण आशियातले राजकीय पक्ष कधी एकत्र बसतात का हो?

रानवारा: बसतात की. २००० साली मनिलात आशियाई राजकीय पक्षांची आंतरराष्ट्रीय परिषद (ICAPP) सुरू झाली, सत्तेतले आणि विरोधातले दोन्ही बोलावतात, सरकार बदललं तरी ओळख टिकते, मला हेच मोलाचं वाटतं.

जुनाखांब: त्याआधी १९५३ मध्ये ब्रह्मदेशात (आताचं म्यानमार) रंगूनला आशियातल्या समाजवादी पक्षांची आशियाई समाजवादी परिषद भरली, जयप्रकाश नारायण गेले होते, आणि दुसरी नोव्हेंबर १९५६ ला आपल्या मुंबईत! तेव्हा सुएझ कालव्यावरून इजिप्त-इस्रायल युद्ध पेटलेलं आणि इस्रायलचे माजी पंतप्रधान मोशे शारेट मुंबईत हजर.

प्रश्नकर्ता: मुंबईत?? मग ही समाजवादी परिषद बंद का पडली?

जुनाखांब: कार्यालय रंगूनला, तिथला सत्ताधारी पक्ष १९५८ ला फुटला, इंडोनेशियात १९६० ला समाजवादी पक्षावर बंदी. बोलायला माणसंच उरली नाहीत, फार वाईट वाटतं.