मदत हवी आहे: टीबीचा जंतू मॅक्रोफेजच्या (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या) पोटात जाऊनही मरत का नाही?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरची, एमएस्सी मायक्रोबायोलॉजी पहिलं वर्ष. पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे, पण खरं तर प्रश्न आईचा आहे. तिची टीबीची ट्रीटमेंट चालू आहे, सहा महिन्यांपैकी चौथा महिना. परवा रिकामं पाकीट हातात चुरगाळत म्हणाली, "अगं तू म्हणतीस पांढऱ्या पेशी जंतू गिळत्यात, मग माझ्या का गिळंनात?" मी म्हटलं गिळल्यात की आई, तिथंच तर घोळ झालाय. पुढं मात्र मला नीट सांगताच येईना.

न्यूमोकॉकसचं (न्यूमोनियाच्या जंतूचं) सोपं आहे, त्याच्या अंगावर साखरेचं जाड कवच असतं त्यामुळं पेशीला तो सहज धरताच येत नाही, ग्रिफिथ या शास्त्रज्ञाच्या 1928 च्या प्रयोगात कवचवाल्या जंतूंनी उंदीर मरायचे आणि बिनकवचाच्यांनी नाही ते यामुळंच. टीबीचा जंतू उलट स्वतःला गिळू देतो. मॅक्रोफेजच्या आत त्याच्याभोवती फॅगोसोम म्हणजे पडद्याची पिशवी तयार होते, आता तिथं आम्ल वाढून पीएच 5 च्या आसपास यायला पाहिजे आणि लायसोसोम (जंतू पचवणाऱ्या रसांची पिशवी) येऊन मिळायला पाहिजे, पण जंतू पीटीपीए नावाचं प्रोटीन सोडून आम्ल वाढवणारा प्रोटॉन पंपच बसू देत नाही, पीएच 6.4 च्या जवळ अडकतो आणि लायसोसोम काही जोडला जात नाही. आमच्याकडच्या गुऱ्हाळाच्या भाषेत, काहिलीत रस ओतला पण चुलवाणात जाळच घातला नाही.

इथपर्यंत कळलं. पण हाच जंतू ईएसएक्स-1 (प्रोटीन बाहेर सोडायची त्याची यंत्रणा) वापरून त्याच फॅगोसोमचा पडदा फोडतो असंही वाचलं, आणि पडदा फुटला की जंतूचा डीएनए बाहेर दिसून पेशी सावध होते. मग आत एवढी सोय करून घेतल्यावर स्वतःचंच घर का फोडायचं?

त्यात बीसीजीनं, म्हणजे टीबीच्या लसीतल्या कमजोर केलेल्या जिवंत जंतूनं, अजून गोंधळ वाढवला. ती लसपण लायसोसोमला लांब ठेवते, पण तिच्यात आरडी-1 हा जीन्सचा तुकडा नाही म्हणून ईएसएक्स-1 पण नाही, आणि ती सहसा आजार करत नाही. म्हणजे नुसतं लपून भागत नाही, फोडणं लागतंच, असं समजायचं का? की दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी होतात, आधी लपणं मग फोडणं?

कुणी यावर काम केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, आणि जमलं तर आईला कळेल असं एखादं वाक्य पण द्या, ती रोज गोळ्या घेताना विचारती.