सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या स्नॉर्कलिंगची धारणक्षमता: प्रबंधाचा आराखडा तपासून हवा आहे

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. पर्यावरणशास्त्र एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला शाश्वत सागरी आणि किनारी पर्यटन हा ऐच्छिक विषय घेतलाय, प्रबंधही त्यातच करायचाय. विषय: मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात चालणाऱ्या स्नॉर्कलिंगची धारणक्षमता, म्हणजे रोज किती पर्यटक पाण्यात उतरले तर चालतील. प्रत्यक्ष काम डिसेंबर ते मार्च.

आराखडा असा: 400 पर्यटकांकडून प्रश्नावली, सिफुएन्तेसच्या सूत्राने (पर्यटनस्थळाची धारणक्षमता काढायची एक प्रचलित पद्धत) रोजचा आकडा, आणि जमल्यास प्रवाळांची पाहणी. सूत्रात एका पर्यटकाला लागणारी जागा धरावी लागते, ती कशाच्या आधारावर धरायची? हाती लागलेल्या प्रबंधांत कुणी 10 चौरस मीटर घेतलंय, कुणी 100. कारण कुणीच दिलेलं नाही. दुसरं म्हणजे, प्रवाळांचा भाग चार महिन्यांत होणार नाही, तो गाळा, असं मार्गदर्शक म्हणतायत. गाळला तर उरतं काय? पोहता येतं, स्कूबाचं प्रमाणपत्र नाही, खर्चाला हात आखडता आहे.

आकडेमोड

जागेचा आकडा दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलू नका, पाण्यावर मोजा. मालवणात बहुतेक पर्यटक सुटे पोहत नाहीत. लाइफ जॅकेट घालून ट्यूबला धरतात आणि गाइड त्यांना ओढत नेतो. त्यामुळे तुमचं एकक माणूस नसून गाइड आणि त्याच्याबरोबरचा गट हे आहे. दर 5 मीटरला रंगीत चिंधी बांधलेली तरंगती दोरी होडीपासून सोडा, वरून ठरावीक वेळाने फोटो काढा आणि गट एकमेकांना अडायला कधी लागतात ते बघा. समजा चौघांच्या गटाला 10 × 20 मीटर पाणी लागतं. माणशी झाले 50 चौरस मीटर. हा आकडा तुमचा, आणि त्याला कारण आहे.

आता पूर्ण गणित मांडतो. पुढचे सगळे आकडे मानलेले आहेत, जसेच्या तसे उतरवू नका.

स्नॉर्कलिंगचा पट्टा 2000 चौ. मी., माणशी 50, म्हणजे एका वेळी 40 जण. सकाळी 8 ते दुपारी 4 असे 8 तास, एकेकाचा पाण्यातला वेळ 40 मिनिटं, म्हणजे 12 फेऱ्या. भौतिक क्षमता 40 × 12 = 480.

मग कात्री लावायची. प्रत्येक सुधार गुणक म्हणजे 1 वजा (अडचणीचा भाग ÷ एकूण). 8 पैकी 3 तास पाणी गढूळ किंवा ओढ जास्त असेल तर 1 − 3/8 = 0.625. पट्ट्याचा 30 टक्के भाग ओहोटीला इतका उथळ होत असेल की पाय खाली टेकतो, तर 0.7. 480 × 0.625 × 0.7 = 210, ही वास्तव क्षमता. शेवटी व्यवस्थापन क्षमता: मुरिंग बॉय (नांगर न टाकता होडी बांधायचा तरंगता गोळा), गाइड, देखरेखीची होडी हे हवेत किती आणि आहेत किती. सरासरी निम्मी भरली तर परिणामकारक क्षमता 105.

इथे हमखास होणारी चूक अशी. 26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात, म्हणजे 98 दिवस. मग विद्यार्थी 1 − 98/365 = 0.73 हा गुणक रोजच्या आकड्याला लावून मोकळे होतात. पावसाळ्यात धंदा बंद असतो म्हणून जानेवारीतल्या दिवसाची क्षमता कशी घटेल? हा गुणक लावायचा तर वार्षिक बेरजेला. तसंच, गढूळपणा आणि प्रवाह वेगवेगळे गुणक म्हणून लावले आणि दोन्ही ओहोटीच्या त्याच तासांत येत असले, तर एकच अडचण दोनदा कापली जाते.

आणि खरं दुखणं हे की माणशी 50 च्या जागी 25 धरले की 105 चे लगेच 210 होतात. म्हणून शेवटी एकच आकडा देऊ नका. तीन गृहीतकांवर तीन आकडे असा तक्ता द्या. परीक्षक त्याच्यावरच बोट ठेवतात.

भांगाची_भरती

मार्गदर्शकांचं अर्धंच पटतं. पर्यटनामुळे प्रवाळ घटले, हे एका हंगामात सिद्ध होत नाही. गाळ, एप्रिल-मेमधलं तापलेलं पाणी, मासेमारी, सगळं एकात एक गुंतलेलं असतं. पण प्रवाळांची आजची स्थिती आणि पर्यटकांचं पाण्यातलं वागणं या दोन गोष्टी चार महिन्यांत आरामात होतात. त्या गाळल्या तर उरते ती होडीच्या रांगेची धारणक्षमता.

सगळ्यात आधी परवानगी. मालवण सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, क्षेत्र 29.122 चौ. किमी, त्यातला गाभा 3.182, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पद्मगड बेटाचा परिसर गाभ्यात येतो. अभयारण्यात संशोधन करायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 28 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अर्ज विभागप्रमुखांच्या पत्रासह, नकाशा, पद्धत, तारखा आणि 'कोणताही नमुना गोळा करणार नाही' हे वाक्य घालून पाठवा. वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या स्थानिक कार्यालयात प्रतही द्या. आराखडा मंजूर होईपर्यंत थांबलात तर डिसेंबर हातचा गेला. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडाही उचलून आणू नका, कठीण प्रवाळ त्याच कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत.

दिवस तिथी बघून निवडा. उधाणाला ओढ जास्त, तळ ढवळलेला, हाताशी धरलेली पाटी दिसत नाही. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेले दिवस, साधारण सप्तमी ते दशमी, हे कामाचे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. भरतीचे शेवटचे दोन तास सगळ्यात चांगले, कारण बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. ओहोटी लागली की कोळंबच्या खाडीतलं आणि कर्लीच्या मुखाकडलं गढूळ पाणी बाहेर पडतं. दर वेळी सेक्की तबकडी सोडून दृश्यता नोंदवा. वीस सेंटिमीटरची पांढरी-काळी तबकडी, खुणांची दोरी आणि खाली वजन, घरी होते.

स्कूबा नसलं तरी तीन मीटरपर्यंतचा भाग स्नॉर्कलवर होतो, पण एकट्यानं नाही. एक जोडीदार पाण्यात, एक माणूस होडीत. 20 मीटरची फायबरची टेप तळावर अंथरा. टोकाला शिशाची वजनं लावा, टेप प्रवाळाला बांधू नका. दर मीटरला 50 × 50 सेंमी चौकटीचा फोटो. चौकट पीव्हीसी पाइपची करा आणि पाइपला भोकं पाडा, नाहीतर आत हवा राहून ती तरंगते आणि एक हात तिला दाबून धरण्यातच जातो. फोटो सरळ वरून, चौकट पूर्ण येईल असा. पर्यटक येतात त्या जागी तीन ओळी आणि तितक्याच खोलीच्या, पर्यटक न येणाऱ्या जागी तीन. खोली जुळली नाही तर तुलना फुकट. नंतर संगणकावर प्रत्येक फोटोवर 25 यादृच्छिक बिंदू टाकून बिंदूखाली काय आहे ते मोजा: जिवंत प्रवाळ, मेलेला, शेवाळ, वाळू, खडक.

फोटोत फसगत होते ती पांढऱ्या डागांत. ताजी मोड असेल तर कड खडबडीत आणि सांगाडा उघडा दिसतो. त्यावर हिरवट-तपकिरी शेवाळाची साय धरली असेल तर मोड जुनी. विरंजन झालेल्या प्रवाळाचा आकार शाबूत असतो, जवळून पाहिलं तर पॉलिप (प्रवाळाचे बारीक जिवंत जीव) जागेवर असतात, फक्त रंग गेलेला. हे तिन्ही 'पांढरे' एका रकान्यात गेले की निष्कर्षाची वाट लागते.

वागणुकीची नोंद: एक गट निवडा, पाण्यात उतरल्यापासून 10 मिनिटं दुरून बघा आणि पाटीवर रेघा मारा. हात लागला, पाय लागला, उभा राहिला, गाळ उडाला, खाऊ टाकला. पहिली दोन-तीन मिनिटं वेगळी नोंदवा. मास्कमध्ये पाणी शिरलं की माणूस घाबरून उभा राहायला बघतो आणि पायाखाली प्रवाळ असतो. बिस्किटं आणि ब्रेड टाकून मासे गोळा करणं हा रकाना विसरू नका. पट्टेवाल्या माशांचा घोळका फोटोला छान दिसतो, पण तो खाऊला सोकावलेला असतो.

रापण_आणि_जाळं

वरच्या दोघांनी पर्यटक आणि प्रवाळ मोजले. त्या पाण्यावर ज्याचं पोट आहे तो कुठे आहे?

अभयारण्य हा शब्द मालवणात जपून वापरा. घोषणेपासून मच्छीमारांचा त्याला विरोध आहे आणि बाहेरून आलेला माणूस वही घेऊन 'अभयारण्याबद्दल काय वाटतं' विचारू लागला की तोंडं बंद होतात. 'होडीच्या धंद्यात काय बदललं' इथून सुरुवात करा. सकाळी मासळी उतरते तेव्हा कुणाला अडवू नका. दुपारी जाळी विणत बसलेले असतात, तेव्हा लोक मोकळे बोलतात. आधी मच्छीमार सोसायटीत जाऊन भेटा, मग घरोघर.

विचारायच्या गोष्टी ठोस हव्यात. पर्यटक होडी आणि मासेमारी होडी एकाच मालकाची आहे का? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद आणि जलक्रीडाही बंद, तेव्हा घर कशावर चालतं? रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायच्या जागी जेट स्की आणि बनाना बोट येते का, कुठल्या वेळी? गाइडला पगार की माणशी पैसे? हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण सगळ्या धारणक्षमतेचं कुलूप तिथे आहे. माणशी पैसे असतील तर गाइड 40 मिनिटांची फेरी 20 मिनिटांवर आणणार आणि तुमच्या सूत्रातल्या 12 फेऱ्यांच्या 24 होणार.

नांगराचंही विचारा. मुरिंग बॉय नसेल तिथे तांडेल (होडीचा चालक) नांगर टाकतो आणि तो कुठे पडतो हे नशिबावर. दिवसभरात किती वेळा नांगर पडला, वाळूत की खडकावर, एवढी मोजदाद केलीत तरी प्रशासनाला उपयोगी पडेल असं काहीतरी हाती येईल. माझ्या मते 105 या आकड्यापेक्षा ते जास्त कामाचं.

खाडीकाठ

खूप आभार. फेऱ्यांचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. मग 400 प्रश्नावल्या ठेवू की कमी करू? आणि आकडा हा मुख्य निष्कर्ष नसेल तर प्रबंधाचं शीर्षक 'धारणक्षमता' ठेवायचं का?

आकडेमोड

400 कुठून आले ते माहीत आहे. 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के चूक धरली की सूत्र 384 सांगतं, मग सगळे 400 करतात. पण ते गणित यादृच्छिक नमुन्याचं आहे. एका ट्रॅव्हल्समधून उतरलेल्या वीस जणांना वीस प्रश्नावल्या दिल्यात तर ती वीस मतं नव्हेत, सहलीचं एक मत आहे. गटातल्या एकालाच विचारा, ज्याचा वाढदिवस सगळ्यात जवळ आहे त्याला. 180-200 गट नीट झाले तरी पुरे, फक्त मोठी झालेली चूकमर्यादा लिहा. दिवसांचे थर पाडा: आठवड्याचे साधे दिवस, शनिवार-रविवार, आणि 25 डिसेंबर ते 1 जानेवारी हा आठवडा वेगळा. तो बाकीच्यांत मिसळलात तर सरासरी कुठल्याच दिवसाची राहत नाही.

प्रश्न पाण्यातून बाहेर आल्यावर विचारा, आणि 'पर्यावरण महत्त्वाचं वाटतं का' हा प्रश्न काढून टाका. सगळे हो म्हणतात. त्याऐवजी: उतरण्याआधी सूचना मिळाल्या का, कुणी दिल्या, त्यातली एक सांगा. पाय खाली टेकला का? पाण्यात एका वेळी किती माणसं दिसली, आणि त्याहून किती जास्त असती तर पैसे वाया गेले असं वाटलं असतं? हा शेवटचा प्रश्न सामाजिक क्षमतेचा आहे, सिफुएन्तेसच्या सूत्रात तो नाही.

भांगाची_भरती

शीर्षक 'स्वीकारार्ह बदलाच्या मर्यादा' या चौकटीत न्या. अमेरिकेच्या वनसेवेनं 1985 मध्ये ती मांडली. किती माणसं, हा प्रश्न ती बाजूला ठेवते आणि कुठला बदल कुठपर्यंत चालेल, तो ओलांडला तर कोण काय करणार, हे विचारते. तुमच्याकडे दर्शक, म्हणजे बदल दाखवणाऱ्या मोजता येणाऱ्या खुणा, तयारच आहेत: 10 मिनिटांतले स्पर्श, ताज्या मोडी, खडकावर पडलेले नांगर, एका वेळी पाण्यात असलेली माणसं. प्रत्येकाला मर्यादा, मोजणारा आणि उपाय लिहा. सिफुएन्तेसचं गणित एका प्रकरणात राहू द्या.

वर्षाला एका जागी 5000 ते 6000 डायव्ह ही मर्यादा तुम्हाला वाचनात सापडेल. ती लाल समुद्र आणि कॅरिबियनमधल्या स्कूबा डायव्हरांवरून आलेली आहे. तिथे माणूस तरंगायला शिकून आलेला असतो, इथे ट्यूबला धरून पहिल्यांदा समुद्रात उतरलेला. उल्लेख करा, मर्यादा म्हणून लावू नका.

रापण_आणि_जाळं

'मोजणारा' या रकान्यात वनखात्याचं नाव टाकून मोकळं होऊ नका. रोज तिथे असतो तो होडीवाला. त्याच्याकडून होईल असा एकच दर्शक निवडा, नांगराचा किंवा एका वेळच्या होड्यांचा, आणि प्रबंधाला त्याची एका पानाची मराठी नोंदवही जोडा: तारीख, तिथी, होड्या, नांगर कुठे पडला. इंग्रजी प्रबंध विभागाच्या कपाटात जाईल, हे पान सोसायटीत द्या.

खाडीकाठ

कलम 28 चा अर्ज या आठवड्यात विभागप्रमुखांकडे देते. नकाशात दोन्ही जागांचे अक्षांश-रेखांश आत्ताच द्यावे लागतील का? पर्यटक न येणारी जागा अजून ठरलेली नाही.

भांगाची_भरती

चौकोन देऊन ठेवा, बिंदू नको. दोन्ही संभाव्य जागा मावतील एवढा चौकोन आणि त्यात 'सहा ओळी, प्रत्येकी 20 मीटर, नेमक्या जागा पूर्वपाहणीनंतर कळवू' असं लिहा. एकच बिंदू लिहिलात आणि तिथे पाणी गढूळ निघालं, तर जागा बदलायला पुन्हा अर्ज.