बीएमएसवर किती विसंबावे?

बॅटरीत बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारी आणि त्यांचा समतोल साधणारी नियंत्रण-यंत्रणा) असल्यावर, सेल जोडून बॅटरी बनवण्यापूर्वी ते समतोल करण्याची, म्हणजे सर्वांतील विजेचा साठा सारखा करण्याची, गरज नाही, हे मत मला पटत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचा व्होल्टेज-आलेख मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असल्याने सगळे सेल ३.३ व्होल्ट दाखवत असले, तरी त्यांतील साठा सारखाच असेल असे नाही. २८० अँपिअर-तासांच्या सेलमध्ये ५ टक्के फरक म्हणजे १४ अँपिअर-तास. बीएमएस १०० मिलिअँपिअरने समतोल साधत असेल, तर त्याला १४० तास लागतील, आणि तेही बहुधा चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यातच मिळणारे. म्हणून सर्व सेल समांतर जोडून, पुरवठ्याचे व्होल्टेज आधीच ३.६५ वर स्थिर करून, एकदा पूर्ण भरून घ्यावेत. काम कंटाळवाणे आहे खरे. देखभालीत पूर्ण भार असताना बसबारचे (सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे) सांधे इन्फ्रारेड तापमापकाने तपासावेत, कारण सैल सांधा इतरांपेक्षा आधी तापतो.